चरा किती खोल, हे आधी पाहा

पार्किंगच्या खांबाला गाडी घासली की सल्ले देणारे लगेच जमतात. कोणी टूथपेस्ट सुचवतो, कोणी उकळतं पाणी, तर कोणी थेट विम्याचा क्लेम टाकायला सांगतो. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या नुकसानीला लागू पडतो. आपल्या गाडीचं नुकसान त्या प्रकारचं आहे का, हे पाहायचं मात्र राहून जातं.

पाहायची असते ती खोली. कारखान्यात पत्र्यावर साधारणपणे चार थर चढतात. सगळ्यात खाली गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. चारही थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जराशी जास्त. भाग स्वच्छ धुवून, पुसून चऱ्यावरून आडवं नख फिरवावं. ते न अडकता सरकलं तर इजा बहुधा क्लिअर कोटपुरतीच असते आणि पॉलिशने ती जाऊ शकते. नख अडकलं तर पॉलिश फार तर कडा बोथट करील. आत करडा प्रायमर किंवा चकाकता पत्रा दिसत असेल, तर तिथे रंगच भरावा लागतो.

कित्येकदा तर तो चरा नसतोच. रिक्षा घासून गेल्यावर पांढऱ्या बंपरवर उमटलेला पिवळा पट्टा बहुतेक वेळा रिक्षाच्या रंगाचा असतो. आपला रंग त्याखाली शाबूत असू शकतो. मऊ कापड आणि थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळलं की तो पट्टा निघतो. गॅरेजमध्ये अख्खा बंपर रंगवायचा सौदा ठरवण्याआधी एवढं करून पाहावं.

टूथपेस्टचं गुपित एवढंच, की तिच्यात बारीक घासणारी पूड असते. ती चरा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून चऱ्याची कड कमी करते. रबिंग-पॉलिशिंगही हेच करतं, फक्त जास्त शिस्तीत. क्लिअर कोट असतो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाचं रक्षण तोच करतो. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणारा माणूस पैसे देऊन हे कवच पातळ करून घेत असतो.

उकळत्या पाण्याचा उपाय खरा आहे, पण प्लास्टिकच्या बंपरसाठी. हे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे असतात. ते उष्णतेने लवचीक होतात आणि आतून दाबल्यावर बऱ्याचदा मूळ आकारात परततात. दरवाजाचा पोलादी पत्रा उकळत्या पाण्याला दाद देत नाही. तो एकदा ताणला गेला की त्याला कारागिराचा हातच लागतो.

आणि पोचा पडला म्हणजे पुट्टी आणि रंग आलाच, हा समज सर्वांत महागात पडतो. रंग तडकला नसेल आणि पत्र्याला तीक्ष्ण घडी पडली नसेल, तर पेंटलेस डेंट रिमूव्हल, म्हणजे पीडीआर, हा मार्ग असतो. कारागीर काचेच्या फटीतून किंवा आतल्या मोकळ्या जागेतून वाकडी सळई घालून पोच्याच्या मागे पोचतो. समोर रेघांचा दिवा लावलेला असतो. पत्र्यातल्या प्रतिबिंबात त्या रेघा जिथे वाकतात, तिथे तो कणाकणाने रेटा देतो. एखादा बिंदू जास्तच वर आला तर प्लास्टिकच्या टोकाने टिचकी मारून खाली बसवतो. रेघा सरळ झाल्या की काम झालं, आणि कारखान्यातला रंग जसाच्या तसा राहतो.

तो रंग वाचवण्यासारखा असतो. ‘कंपनीचाच रंग मारून देतो’ असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा छटा तीच असू शकते, प्रक्रिया ती नसते. कारखान्यात नुसता सांगाडा १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजला जातो. तयार गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असल्याने गॅरेजच्या रंगकामाच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांवरच थांबावं लागतं, म्हणून हार्डनर मिसळलेला रंग वापरतात. मेटॅलिक छटेत तर ॲल्युमिनियमचे कण कसे बसतात यावर रंग उजळ की गडद दिसतो हे ठरतं. त्यामुळे चांगला पेंटर दुरुस्तीच्या कडेला रंग विरत नेतो, गरज पडल्यास शेजारच्या पत्र्यापर्यंत. ही फसवणूक नाही, कसब आहे. अशा हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्यामुळे तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणाऱ्या पोराला योग्य मास्क दिला पाहिजे, असं गाडीमालकानेही बजावून सांगावं.

आता विमा. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर सवलत मिळते. ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढत जाते. एका क्लेमने ती सहसा शून्यावर येते. सवलतीआधीचा हप्ता १०,००० रुपये आणि तो स्थिर धरला, तर ५० टक्क्यांवर असलेल्या मालकाचं नुकसान पुढच्या पाच नूतनीकरणांत ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००, म्हणजे एकूण १२,५०० रुपये होतं. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला दर क्लेममागे किमान १,००० रुपये स्वतः भरावे लागतात आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. घसारा माफ करणारं ‘झिरो डेप’ किंवा क्लेमनंतरही सवलत राखणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर हिशेब बदलतो, म्हणून आधी पॉलिसी वाचावी. चार-पाच हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करणं बहुतेकांना परवडत नाही.

घाई करायचीच तर उघड्या पत्र्यासाठी. बंपरचं प्लास्टिक गंजत नाही, ते महिनाभर थांबलं तरी चालतं. दरवाजाचा किंवा बॉनेटचा पत्रा उघडा पडला असेल तर मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो. बारीक जखमेला गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड पाहून घेतलेली टचअपची छोटी बाटली पुरते. पत्रा कोरडा करून, गंज घासून, आधी प्रायमर आणि मग पातळ हात द्यावेत. हे काम जूनच्या आत उरकावं, कारण पावसाळी दमट हवेत पत्रा पूर्ण कोरडा मिळणं कठीण होतं.