लेशमात्र विषाचा शोध

दिल्लीहून मथुरेच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की फरीदाबाद लागते. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनामुळे विस्तारलेले हे शहर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळा येथे आहे, आणि जिच्यामुळे ती अस्तित्वात आली त्या कायद्यामागे एक मोठी दुर्घटना आहे.

१९५८ च्या उन्हाळ्यात केरळात आणि लगतच्या मद्रास राज्यात शंभरांहून अधिक माणसे विषारी अन्न खाऊन दगावली. जहाजात खाद्यपदार्थांच्या शेजारी पॅराथिऑन हे कीटकनाशक ठेवले होते. ते गळाले आणि अन्नात उतरले. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि पुढे १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा संमत झाला. निरीक्षकाने कीटकनाशकाच्या नमुन्याचे तीन भाग करावेत. एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला द्यावा, एक विश्लेषकाकडे पाठवावा आणि एक न्यायालयासाठी राखावा. विश्लेषकाच्या अहवालाविषयी वाद उपस्थित झाल्यास न्यायालयाजवळचा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे जावा व तिचा अहवाल निर्णायक मानावा, अशी त्यात योजना होती. पदार्थांत उरलेल्या अवशेषांचे पृथक्करण करण्याचे कामही नियमांनी या प्रयोगशाळेकडे सोपविले.

केरळातील विष काही तासांत प्राण घेण्याइतके होते. अवशेषांची गोष्ट निराळी. त्यांनी कोणी जागच्या जागी कोसळत नाही. ते रोजच्या अन्नातून वर्षानुवर्षे पोटात जातात, म्हणून त्यांची मर्यादा अतिशय खाली आखावी लागते. आपल्या भाषेत ‘लेश’ हा शब्द बहुधा नकाराच्या सोबतीने येतो. शंकेचा लेशही नाही, म्हणजे शंका मुळीच नाही. रसायनशास्त्रज्ञाला मात्र हा लेशच मोजावयाचा असतो. किलोग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा घ्या. दहा टन माल वाहणाऱ्या दोन ट्रकांत द्राक्षे भरली आणि त्या साऱ्या मालात मिळून एकच ग्रॅम रसायन असले, तर ती मर्यादा गाठली जाते.

एवढे अल्प द्रव्य शोधावयाचे कसे? प्रथम फळे वाटून एकजीव करतात. मग योग्य विद्रावकात घुसळून त्यातील रसायने विद्रावकात उतरवितात, आणि साखर, मेद, रंगद्रव्ये असा नको असलेला भाग शक्य तितका काढून टाकतात. उरलेला अर्क वर्णलेखन यंत्राच्या लांब, बारीक नळीतून जातो. प्रत्येक द्रव्याचा वेग वेगळा असल्यामुळे ती एकामागून एक बाहेर पडतात व शोधकासमोर येतात. १९५७ च्या सुमारास जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने क्लोरीनयुक्त द्रव्यांचा अत्यल्प अंशही टिपणारा शोधक तयार केला, आणि डीडीटी किती दूरवर पसरले आहे हे हळूहळू जगाला कळू लागले. १९६६ मध्ये अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्या शरीरातही ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले. डीडीटी तेथे कोणी फवारले नव्हते.

यंत्राचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. यंत्र फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच मोजते. म्हणून विश्लेषक स्वच्छ फळात स्वतःच ठरावीक मात्रेचे रसायन मिसळतो आणि त्यातले परत किती मिळते ते पाहतो. शंभर भागांपैकी सत्तर ते एकशेवीस भाग मिळाले तर पद्धत सामान्यतः ग्राह्य धरतात. शंभर घालून एकशेवीस मिळावेत हे वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण फळातील इतर द्रव्येही शोधकाला फसवितात. त्यामुळे ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. या पद्धतीने, या मात्रेपर्यंत, आणि ज्यांचा शोध घेतला त्यांपैकी आढळले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा शेवटचा भाग किती महाग पडू शकतो, ते महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी अनुभवले आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना आखण्यात आली आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. माल ठरलेल्या यादीप्रमाणे तपासून जाऊ लागला. तरीही २०१० मध्ये युरोपात तो पुन्हा अडविला गेला. या वेळी कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलींची अवाजवी वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक बागाईतदारांना ‘सीसीसी’ या नावाने परिचित आहे. युरोपातील त्याची मर्यादा वर सांगितलेलीच, किलोग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम होती. ज्यांचे अहवाल निर्दोष होते, त्यांचाही माल परक्या बंदरांत अडकून पडला.

अहवाल खोटे नव्हते. क्लोरमेक्वाट त्या यादीतच नव्हते. शिवाय ते विद्युत्‌भारित असल्याने पाण्यातच रमते. अनेक कीटकनाशके एकाच वेळी काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेंद्रिय विद्रावकात ते उतरत नाही. एरवीच्या तपासणीत त्याचा अंश द्राक्षाच्या चोथ्याबरोबर व पाण्याबरोबर फेकला जातो आणि यंत्रासमोर येतच नाही. त्यासाठी मिथेनॉलसारखा विद्रावक घेऊन वेगळा अर्क काढावा लागतो. त्या हंगामानंतर क्लोरमेक्वाट यादीत आले, आणि द्राक्षांच्या नमुन्यातून त्याच्यासाठी स्वतंत्र भाग काढला जाऊ लागला.