काळी दारू आणि न गंजणारे पोलाद

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. प्रमाण साधारण 75, 15 आणि 10 टक्के. ती पेटल्यावर निम्म्याहून अधिक भागाचा वायू होत नाही. तो धुरावाटे उडतो किंवा राख होऊन नळीत चिकटतो. त्या राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात तर साफ न केलेल्या पोलादी नळीला बघता बघता तांबेरा चढतो. 1760 साली उदगीरच्या लढाईत गर्जलेल्या बंदुकांनाही हाच धोका होता.

हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून बारुदी हत्यार आधी धुवायचे, मग कोरडे करून तेल लावायचे, हीच जुनी रीत. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये जपलेल्या शस्त्रांत तोडेदार बंदूकही आहे. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानात गोदावरीचे पाणी आणून तिथली शस्त्रे स्वच्छ केली जातात. गुरू गोविंदसिंगांच्या काळात, म्हणजे 1708 पर्यंत, न गंजणारे पोलाद कोणाला ठाऊकच नव्हते.

ते हाती आले 1913 मध्ये, आणि तेही बंदुकीच्याच निमित्ताने. शेफिल्डचा हॅरी ब्रिअर्ली झिजणाऱ्या नळ्यांवर उपाय शोधत होता. त्याच्या पोलादात सुमारे 12.8 टक्के क्रोमियम होते. गंमत अशी, की या पोलादाचे नाव झाले ते सुऱ्यांमुळे. तोवर काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरचे दिवसही सरले होते. स्टेनलेसची अशी रिव्हॉल्व्हर आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हौशी नेमबाजांसाठी. रुगर कंपनीची 1972 सालची ‘ओल्ड आर्मी’ पुढे या धातूतही निघाली.

क्रोमियमचा पातळ ऑक्साइड थर धातूला झाकतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा जमतो. त्यामुळे गरम पाण्याने धुताना धास्ती राहत नाही, साफसफाईला थोडा उशीर झाला तरी चालतो. सर्वांत मोठा फायदा हाच.

पण राख तेवढीच साचते. काही बारांनंतर रिव्हॉल्व्हरचे फिरते नळकांडे अडते, ते कोणत्याही धातूचे असो. उलट स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात, म्हणून आसावर ग्रीस हवेच. धातू महाग, कातायला अवघड, आणि जुन्या पिस्तुलांची निळसर झाक त्यावर सहज चढत नाही. शिवाय ‘न गंजणारे’ हे नाव थोडे फसवे आहे: बार पेटवणाऱ्या जुन्या ठासणी-टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे, आणि त्यातून उरणारे क्लोराइड या पोलादालाही बारीक खड्डे पाडते.