माप आपल्या हाती!

जालन्यात बाबांना शुगर निघाली. डाएट चार्टवर सगळं ग्रॅममध्ये, आणि घरात वजनकाटाच नाही! पण आईकडे चिमूट, मूठ, पसा, ओंजळ होतेच की. तीच मापं मी ऑफिसच्या डब्यालाही लावते. भात मिटलेल्या मुठीएवढा. पनीर किंवा चिकन बोटं सोडून तळहाताएवढं. तूप अंगठ्याच्या पेराएवढं. भाज्या-फळं मात्र बिनधास्त अर्धं ताट! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनाही हेच सांगतात. भाकरी मात्र नगावर मोजू नका. आमच्याकडची जाड ज्वारीची एक भाकरी दोन-तीन फुलक्यांना भारी पडते. ग्रॅमइतकं काटेकोर नाही, पण रोज जमतं. बाबांचा पंजा मोठा, माझा लहान, घासही तसेच!