एकक चाचण्यांची मांडणी आणि निवड

एकक चाचणी, म्हणजेच युनिट टेस्ट, ही सॉफ्टवेअरमधील एखादा लहान भाग, उदाहरणार्थ एखादे फंक्शन, अपेक्षेप्रमाणे काम करतो की नाही हे तपासणारी छोटी आज्ञावली होय. प्रकल्प वाढतो तशी या चाचण्यांची संख्या हजारांवर जाऊ शकते. प्रत्येक किरकोळ बदलानंतर सर्व चाचण्या चालवल्यास निकालाला विलंब होतो आणि चाचण्या चालवण्याचीच टाळाटाळ होऊ लागते. त्यामुळे चाचण्यांची गटवार मांडणी करून प्रसंगानुसार त्यांपैकी काहीच चालवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

पार्श्वभूमी

केंट बेक यांनी स्मॉलटॉक या संगणकीय भाषेसाठी एसयुनिट ही चाचणी-चौकट तयार केली. १९९७ मध्ये बेक आणि एरिख गॅमा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानप्रवासात जावा भाषेसाठी जेयुनिट लिहिण्यास प्रारंभ केला. या धर्तीवर इतर भाषांसाठी निर्माण झालेल्या चौकटींना एकत्रितपणे 'एक्सयुनिट' असे म्हणतात.

मांडणी

चाचण्या सामान्यतः मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्यांची नावे ठरावीक पद्धतीने देतात. पायथन भाषेतील पायटेस्ट ही चौकट 'टेस्ट' या शब्दाने सुरू होणारी नावे पाहून चाचण्या स्वतःच शोधून काढते. निवडक चाचण्या चालवण्यासाठी प्रत्येक चाचणी स्वतंत्र असणे आवश्यक असते. आधीच्या चाचणीने तयार केलेल्या माहितीवर विसंबणारी चाचणी एकटी चालवल्यास अकारण अयशस्वी ठरू शकते.

निवडीच्या पद्धती

* नावानुसार: नावात विशिष्ट शब्द असलेल्या चाचण्याच चालवल्या जातात.
* खुणेनुसार: 'मंद', 'डेटाबेस' अशा खुणा देऊन तो गट निवडता किंवा वगळता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेयुनिट ५ मध्ये या खुणांना 'टॅग', तर पायटेस्टमध्ये 'मार्कर' म्हणतात.
* मागील निकालानुसार: गेल्या वेळी अयशस्वी ठरलेल्या चाचण्याच पुन्हा चालवता येतात.
* बदलानुसार: बदललेल्या फायलींशी संबंधित चाचण्या साधन स्वतः निवडते. जावास्क्रिप्टसाठीच्या जेस्ट या चौकटीत ही सोय आहे.

मर्यादा

निवडलेल्या चाचण्या यशस्वी झाल्या म्हणजे संपूर्ण सॉफ्टवेअर निर्दोष आहे, असे सिद्ध होत नाही. समजा, ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये विलंबशुल्क मोजणारे फंक्शन बदलले आणि केवळ विलंबशुल्काच्याच चाचण्या चालवल्या. सभासदत्व रद्द करताना थकबाकी मोजणारा भागही तेच फंक्शन वापरत असेल, तर तेथे निर्माण झालेला दोष या निवडीत दिसणार नाही.

तात्पुरत्या वगळलेल्या चाचण्यांबाबतही हाच धोका असतो. वगळण्याचे कारण नोंदवलेले नसल्यास ती चाचणी कायमची दुर्लक्षित राहू शकते. म्हणून अनेक चौकटी अहवालात यशस्वी, अयशस्वी आणि वगळलेल्या चाचण्यांची संख्या स्वतंत्रपणे दाखवतात.

या कारणांमुळे काम चालू असताना निवडक चाचण्या आणि बदल मुख्य आज्ञावलीत समाविष्ट करण्यापूर्वी सर्व चाचण्या, अशी विभागणी अनेक प्रकल्पांत केली जाते. संपूर्ण संच चालवण्याचे काम बहुधा स्वयंचलित सर्व्हरकडे सोपवलेले असते. मंद चाचण्यांचा संच फार मोठा असल्यास तो रात्री चालवला जातो. मात्र सॉफ्टवेअर वापरकर्त्यांच्या हाती देण्यापूर्वी त्याचा निकाल पाहणे आवश्यक मानले जाते.