वाढीव कामाचा दर आधी ठरवा, मग भिंत फोडा



पावसाळा सरला की आपल्या भिवंडी तालुक्यात घरांची कामं निघतात. कुणाचं घरकुल पूर्ण होत असतं, कुणी जुन्या घराला मागे खोली काढतं, कुणी दिवाळीच्या आत लाइट फिटिंग नव्याने करून घेतं. त्यासाठी गटातून कर्ज उचललं जातं. कर्जाचा आकडा ठरतो तो वायरमनने पहिल्या दिवशी सांगितलेल्या रकमेवर. काम संपतं तेव्हा बिल मात्र वेगळंच असतं, आणि मधल्या फरकाला सगळे एकच नाव देतात: "एक्स्ट्रा काम".

माझ्या घरी हेच झालं. काम चालू असताना मीच म्हणाले, "दादा, इथे एक प्लग द्या ना." मग सासूबाईंनी देव्हाऱ्यात दिवा मागितला, मुलाने पंख्याची जागा बदलायला सांगितली. प्रत्येक वेळी उत्तर आलं, "करतो, बघू नंतर." शेवटी जो आकडा आला तो ऐकून घरात भांडण झालं. वायरमनने फसवलं असं आज मला वाटत नाही. त्याने काम केलं होतं, पण मी दर विचारला नव्हता आणि त्यानेही सांगितला नव्हता. चूक दोघांची होती, हप्ता मात्र मला भरावा लागला.

आधी बघा, मूळ काम कसं ठरलंय

घरातलं फिटिंग साधारण तीन प्रकारे दिलं जातं. पहिला प्रकार पॉइंटच्या हिशेबाने: एक दिवा, एक पंखा, एक प्लग म्हणजे एकेक पॉइंट आणि प्रत्येकाची ठरलेली मजुरी. दुसरा उक्ता: सगळ्या घराचे मिळून इतके. तिसरा हजेरीवर: जितके दिवस काम, तितक्या दिवसांची मजुरी.

पॉइंटच्या कामात वाढीव पॉइंटला ठरलेलाच दर लावायचा, म्हणून ते सोपं. खरा घोळ होतो उक्त्या कामात. तिथे मुळात किती पॉइंट धरले होते हेच कुणी लिहून ठेवलेलं नसतं, मग जास्तीचं कोणतं ते कसं ठरवणार? म्हणून काम उक्तं दिलं तरी खोलीवार यादी करा. बाहेरच्या खोलीत किती दिवे, किती पंखे, किती प्लग. स्वयंपाकघरात किती. माल कुणी आणायचा, आपण की वायरमनने, हेही त्याच कागदावर लिहा.

एकाच प्लगचे दोन दर का?

"पहिला प्लग तेवढ्यात झाला, मग हा महाग कसा?" असं आपण विचारतो. त्याची कारणं असतात.

एक, वेळ. भिंतीला झिरी मारून पाइप टाकायचं काम चालू असताना पॉइंट वाढवला तर खर्च थोडा. प्लास्टर झाल्यावर तोच पॉइंट मागितला तर भिंत पुन्हा फोडा, पाइप टाका, गवंड्याला बोलावून झिरी बुजवा, रंग लावा.

दोन, वायरची जाडी. दहा वॅटचे २०० एलईडी बल्ब एकदम लावले तर जेवढी वीज लागेल, तेवढी २,००० वॅटचा एकटा गीझर घेतो. म्हणजे जवळपास ९ अँपिअर. त्याला दिव्याची बारीक वायर चालत नाही. जाड वायर, वेगळी लाइन, वेगळा एमसीबी लागतो. गीझरचा पॉइंट दिव्याच्या दरात होणार नाही, आणि कुणी करून देतो म्हणाला तर तीच काळजीची गोष्ट.

तीन, पुन्हा येणं. माणसं निघून गेल्यावर एका बोर्डासाठी बोलावलं तर अर्धा दिवस मोडतो. त्याचे पैसे तो मागणारच.

हिशेब असा मांडा

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावातला दर तुम्ही विचारून घ्या. समजा, मूळ कामात पॉइंटची मजुरी ३०० रुपये ठरली आहे.

१. दोन जादा प्लग, प्लास्टरच्या आधी: मजुरी ६००, माल ५००. एकूण १,१०० रुपये.

२. गीझरची वेगळी लाइन, १२ मीटर: फेज आणि न्यूट्रल मिळून २४ मीटर जाड वायर, ४५ रुपये मीटरने १,०८०. अर्थिंगची वायर १२ मीटर, २० रुपयांनी २४०. एमसीबी, सॉकेट, बॉक्स ६००. मजुरी ५००. एकूण २,४२० रुपये.

३. स्वयंपाकघरातला बोर्ड प्लास्टरनंतर सरकवला: वायरमनची मजुरी ९००, झिरी बुजवायला ४००. एकूण १,३०० रुपये.

४. पडवीतला एक पॉइंट रद्द केला: मजुरी ३०० आणि माल २५०, म्हणजे ५५० रुपये वजा.

बेरीज ४,८२०, त्यातून ५५० वजा. वाढीव काम ४,२७० रुपयांचं.

चौथी ओळ विसरू नका. वाढलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, कमी झालेलं कुणी वजा करत नाही. मालाचंही तसंच. वायरचं बंडल सहसा ९० मीटरचं येतं. लाइनला २४ मीटर लागली आणि बिलात पूर्ण बंडल लावलं असेल, तर उरलेली वायर तुमची. ती घरात ठेवून घ्या किंवा तिचे पैसे वजा करून घ्या. मालाची दुकानाची पावती मागा आणि वायरवर, स्विचवर आयएसआय खूण बघा.

भिंतीला हात लावण्याआधी तीन प्रश्न

याचे मजुरीचे किती आणि मालाचे किती? यामुळे काम किती दिवस लांबेल? आतापर्यंतची एकूण रक्कम किती झाली?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाचशे-सातशे सुटे सुटे ऐकायला थोडे वाटतात, बेरीज केली की डोळे उघडतात. उत्तर वहीत लिहा, तारीख टाका, दोघांची सही घ्या. वायरमन गावातला, नात्यातला असेल तर सही मागायला संकोच वाटतो. मग त्या पानाचा फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "बरोबर आहे ना दादा?" एवढं विचारा. त्याचं "हो" पुरेसं आहे. गटाच्या वहीत आपण दहा रुपयेही लिहितो, मग घरच्या कामाला वही का नको?

कर्ज मागतानाच थोडी रक्कम वाढीव कामासाठी धरा. वरचे ४,२७० रुपये ऐनवेळी शेकडा दोन रुपये महिना व्याजाने उचलले, तर पहिल्याच महिन्यात सुमारे ८५ रुपये व्याज जातं.

कुठे काटकसर करायची नाही

पैसे कमी पडले तर शोभेचे दिवे काढा, माळ्यावरचा पॉइंट पुढच्या वर्षी करा. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं ३० मिलीअँपिअरचं यंत्र, ज्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात, ते मात्र कापू नका. ओल्या भिंतीत, ओल्या हातांनी मिक्सर आणि पाण्याची मोटर आपणच लावतो.

आणखी एक. गीझर, मोटर, एसी वाढला की मंजूर भार पुरतो का ते बघा. भिवंडीत महावितरणच्या वतीने २००७ पासून टोरंट पॉवर वीज वितरण सांभाळते. भार वाढवायचा असेल तर त्यांच्याकडे अर्ज आणि वेगळा खर्च असतो. तो वायरमनच्या बिलात येत नाही.

ज्यांच्या घरी वायरमन आहे त्यांच्यासाठी

आपल्यापैकी कित्येकींचे नवरे, मुलगे हेच काम करतात, काही जणी स्वतः शिकल्या आहेत. त्यांनाही सांगा, "एवढंच तर आहे" म्हणून फुकट करू नका आणि मनात ठेवून शेवटी बिलात घुसवू नका. आधी दर सांगणाऱ्याला लोक पुन्हा बोलावतात. दर न सांगता केलेल्या कामाचे पैसे बुडतात, नाहीतर संबंध तुटतात.

वाद झालाच तर आधी वही समोर ठेवून, दोन जाणती माणसं बसवून मिटवा. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तिथेही पहिला प्रश्न येतो, "लिहून काय घेतलं होतं?"

येत्या बैठकीत घरकाम काढलेल्या ताईंनी आपली यादी घेऊन यावी. सगळ्या मिळून बघू, काय लिहायचं राहिलंय ते.