धर्मापुरीच्या तटातली देवळे

बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई-परळीच्या टापूत धर्मापुरी नावाचे गाव आहे. तिथे एक भुईकोट आहे आणि केदारेश्वराचे प्राचीन देऊळ. देऊळ आधीचे, कोट नंतरचा. कोटाच्या तटाजवळ उभे राहून पाहिले की साध्या चिऱ्यांमध्येच कोरीव दगड दिसू लागतात. कुठे नक्षीची पट्टी, कुठे खांबाचा तुकडा, कुठे भंगलेली मूर्ती. केदारेश्वराखेरीज आणखीही देवळे इथे होती, हे हा तटच सांगतो.

प्रार्थनास्थळ आणि तट यांचे नाते दुसरीकडे याच्या उलटही दिसते. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात खेड्यांनी चर्चभोवतीच तट बांधले. त्यांपैकी प्रेजमेर गावच्या तटाला आतून अडीचशेहून अधिक खोल्या आहेत. हल्ला झाला की गावकरी धान्यासकट तिथे मुक्कामाला येत. धर्मापुरीत देवळाला तट मिळाला नाही. देवळांचे दगडच तटात गेले.

केदारेश्वर हे कल्याणीच्या चालुक्यांच्या परंपरेतले देऊळ. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. लोक अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. ही बांधणी त्याच्या कितीतरी आधीची. चुना न वापरता, खाचेत खाच अडकवून आणि दगडाच्या वजनावर सगळा तोल सांभाळलेला.

केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी, म्हणजे कोरलेल्या देखण्या स्त्रीमूर्तींसाठी तरी एकदा धर्मापुरीला जावे. मराठवाड्यातल्या अशा शिल्पांत कुणी आरशात पाहते, कुणी पायातला काटा काढते, कुणाच्या कडेवर मूल असते. काळ्या कठीण बेसॉल्टमध्ये कमरेचा बाक आणि दागिन्यातला एकेक मणी कोरणाऱ्या हातांची कमाल वाटते.

पुढे सुलतानशाहीच्या काळात या भागात कोट-किल्ल्यांना महत्त्व आले. याच भागातल्या धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास बांधला. गावांच्या लढायांच्या खुणा मात्र याहून जुन्या आहेत. गावोगावी मारुतीच्या पारावर टेकवून ठेवलेल्या वीरगळात, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेत, खाली झुंज, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. गावाची गुरे राखताना पडलेल्यांचेही असे दगड आहेत.

अशा दगडांवर ऑइलपेंट चढतो किंवा सिमेंटचा गिलावा बसतो, तेव्हा फार मोठे नुकसान होते. कारण सुटा दगडही बोलतो. खांबाच्या जाडीवरून मंडपाच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. दाराच्या ललाटपट्टीवर कोण कोरले आहे, त्यावरून आतल्या देवतेचा माग लागू शकतो. पट्टीवर हत्तींची रांग असेल, तर तो दगड बहुधा जोत्याचा. धर्मापुरीच्या तटातला एकेक कोरीव दगड मोजून, फोटो काढून, क्रमांक देऊन नोंदवला, तर नाहीशा झालेल्या देवळांचे आराखडे निदान कागदावर तरी उभे करता येतील.