अंगावरची उचल आणि हातातला कागद





दर शनिवारी मी आपल्या मिशनच्या कायदा मार्गदर्शन केंद्रात बसतो. केंद्र म्हणजे एक खोली, दोन बाके आणि कागदपत्रांचे एक कपाट. कन्नड, सोयगाव, खुलताबाद या भागांतील भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवरून लोक येतात, वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणारी मुले येतात, शहरात हातगाडी लावणाऱ्या बायका येतात. इथे लोक नक्की काय विचारतात, असे आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले होते. काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याबद्दल लिहितो. शिवाय आपल्या मंडळीतही दुकानदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत, शेतावर गडी ठेवणारे आहेत. त्यामुळे हे प्रश्न फक्त वस्तीवरच्या लोकांचे आहेत असे समजू नये.

सर्वांत जास्त प्रश्न उचलीचे असतात. दसऱ्याच्या आधी मुकादम वस्तीवर येतो. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर ठरते आणि रोख मिळते. किराणा दुकानाची उधारी, घरातले आजारपण, बहिणीचे लग्न यांत ती तिथल्या तिथे संपते. दिवाळीच्या सुमारास टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघते. किती टन ऊस तोडला त्यावर मजुरी धरली जाते आणि त्यातून उचल फिटत जाते. एखादा दिवस काम चुकले की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. पट्टा पडला की हिशेब होतो. वही मुकादमाची, आकडेही त्याचेच. बहुतेक वेळा कोयत्याच्या नावावर बाकी उरते आणि ती पुढच्या हंगामाला जोडली जाते.

मागच्या हंगामात पट्टा पडायच्या आधीच एक जोडपे परत आले. बाईला सहावा महिना होता. फडात रक्तस्राव सुरू झाला म्हणून नवरा तिला घेऊन निघाला. आठ दिवसांनी मुकादमाची माणसे वस्तीवर आली आणि त्याची मोटारसायकल घेऊन गेली. कामावर ये, नाहीतर पैसे टाक, एवढेच सांगून गेली. तो मला म्हणाला, “सर, पैसे तर आपण घेतलेच ना. मग गाडी न्यायचा त्याला हक्कच असंल.”

असा हक्क मुकादमाला नाही, कारखान्याला नाही, सावकारालाही नाही. देणे असेल तर ते कोर्टात दावा लावून मागायचे. जबरदस्तीने वस्तू उचलून नेली तर तो गुन्हा ठरतो आणि त्याची तक्रार पोलिसांत करता येते. ही झाली गाडीची गोष्ट. माणसाची गोष्ट याहून मोठी आहे.

उचल घेणे-देणे हा काही गुन्हा नाही. मजूर मोकळा असेल, त्याला किमान वेतन मिळत असेल, काम सोडून दुसरीकडे जाता येत असेल, तर ते साधे कर्ज झाले. पण उचलीपायी त्याला जागा सोडता येत नसेल, दुसऱ्याकडे काम करता येत नसेल किंवा किमान वेतनापेक्षा कमी दरात राबावे लागत असेल, तर तिथे वेठबिगारी पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ लागू होतो. या कायद्याने तसली उचल फेडण्याचे बंधन संपते, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. वेठबिगारी ठरली की ती रक्कम मागताच येत नाही, आणि कोणी कामाला जुंपले तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावी असेही त्यात लिहिले आहे. अर्ज तिथेच द्यायचा. राबवून घेतलेला माणूस अनुसूचित जमातीचा असेल आणि राबवणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होतो. पुष्कळदा मुकादम आपल्याच समाजाचा असतो, तेव्हा तो कायदा लागत नाही. वेठबिगारीचा कायदा मात्र तेव्हाही लागतो.

इथे दिल्लीची एक जुनी हकिगत सांगितली पाहिजे. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि रस्ते बांधताना मजुरांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळायला हवे होते. ते पैसे जमादारांच्या हातून जात आणि जमादार माणशी एक रुपया दलाली कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच होय. सक्ती काठीचीच असली पाहिजे असे नाही. भुकेपोटी माणूस मिळेल त्या दरात काम स्वीकारतो, तीही सक्तीच आहे. वस्तीवर हे सांगितले की जमादाराचा एक रुपया लोकांना लगेच कळतो.

मुकादमाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. पुष्कळ मुकादम पूर्वी स्वतः कोयता चालवणारेच होते. वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून त्यांनी लाखो रुपये उचललेले असतात, त्या कागदावर सही त्यांचीच असते, आणि टोळीतले दोन कोयते पळाले तर ते स्वतः बुडतात. तेही माझ्याकडे येतात आणि विचारतात, मजूर पैसे घेऊन गेला तर आम्ही काय करायचे? शहरातला छोटा कारखानदार हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. दोघांना उत्तर एकच आहे. पैसे देताना पावती घ्या, जमेल तर बँकेतून द्या, बुडाले तर नोटीस देऊन दिवाणी दावा करा. आधार कार्ड अडकवून ठेवायचे नाही, कोरा चेक घ्यायचा नाही, बायकापोरांना थांबवून ठेवायचे नाही. मजुरांना माझे सांगणे असे की कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा देऊ नका आणि कोरा चेक तर मुळीच देऊ नका. तो चेक वटला नाही तर कोर्टाची पायरी तुम्हालाच चढावी लागते.

त्या जोडप्याची मोटारसायकल पोलिसांच्या मध्यस्थीने परत मिळाली. हिशेबाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. बाई आता बरी आहे, पण मूल राहिले नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न असा: “लेखी काहीच नाही, मग पगार बुडाला तर सिद्ध कसा करायचा?” २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतली वेतन संहिता इथे उपयोगी पडते. मजुरी मिळाली नाही असा दावा केला, तर मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. उचल किंवा इतर कपात मिळून एका पगारातून निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही. काम सोडले किंवा सोडायला लावले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा असतो.

तरीही आपण तिथे काम केले हे दाखवायला काहीतरी लागतेच. म्हणून मी प्रत्येकाला दहा रुपयांची वही घ्यायला सांगतो. रोज तारीख, काम, मिळालेले पैसे एवढेच लिहायचे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यायचे. ठेकेदाराचे मोबाइलवरचे निरोप पुसायचे नाहीत. एका मुलाची थकलेली मजुरी केवळ “उद्या सातला ये” अशा तीस-चाळीस निरोपांच्या जोरावर मिळाली आहे.

आता आपल्या मंडळीतल्या मालकांसाठी दोन शब्द. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत देण्याविषयी अनुवादाच्या पुस्तकात काय सांगितले आहे ते आपण जाणतो. रोजंदारीवाल्याचे पैसे पाळी संपताच द्यावेत, असे वेतन संहितेतही आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा आणि सोबत पगाराची चिठ्ठी द्यायची. थोडेच कामगार असलेल्या दुकानाला मोठी नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. “आमचा गडी घरच्यासारखा आहे” हे वाक्य मी फार ऐकतो. घरच्यासारख्या माणसाला चिठ्ठी द्यायला हरकत नसावी.

अपघाताबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगार गेले, ते आपल्याला आठवत असेल. एवढी मोठी दुर्घटना पेपरात येते. प्रेसमध्ये अंगठा जातो त्याची बातमी होत नाही. असा मुलगा दवाखान्यात असतानाच कोणीतरी वीस हजार रुपये आणि एक स्टॅम्प पेपर घेऊन येते. ‘पुढे काही मागणार नाही’ असे त्यावर लिहिलेले असते. त्यावर सही करू नये, आणि झालीच असेल तरी घाबरू नये, कारण नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात रद्दबातल आहे.

हिशेब असा असतो. वय ३० आणि महिन्याचा पगार १२,००० धरा. तीस वर्षांच्या माणसासाठी कायद्याच्या तक्त्यात २०७.९८ हा गुणक आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले तो गुणक. अंगठा जाणे म्हणजे ३० टक्के हानी धरतात. एवढ्याने भरपाई सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये होते, दवाखान्याचा खर्च वेगळा. मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के गुणिले तोच गुणक, म्हणजे १२ लाख ४७ हजारांच्या वर. चूक मालकाची होती हे दाखवावे लागत नाही, काम करताना अपघात झाला एवढे पुरते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २१,००० पर्यंत पगाराच्या माणसाचा ईएसआय विमा असतो. तो असेल तर ही एकरकमी भरपाई न मिळता ईएसआयकडून दरमहा पैसे मिळतात. म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न विचारायचा तो ईएसआय नंबरचा.

हातगाडीवाल्यांसाठी पथविक्रेता कायदा, २०१४ आहे. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जागा बदलायला लावायची तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल उचलून नेला तर त्याची यादी तिथल्या तिथे मागायची. नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत, शुल्क घेऊन परत द्यावा लागतो. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळे विकणाऱ्या बायकांना मी हेच सांगतो, कारण पिकलेले सीताफळ तिसऱ्या दिवशी परत मिळून काही उपयोग नसतो.

अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे आणि तो आला की मला आनंद होतो, कारण तो विचारणारा वस्तीवरचा मुलगा आता स्वतः मालक झालेला असतो. एकाने वाळूजला भाड्याच्या गाळ्यात दोन हँडप्रेस टाकले आहेत, मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्यांचे जॉबवर्क करतो. काम भरपूर, पण बिल चार-चार महिने मिळत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज महिन्याच्या चक्रवाढीने लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागायची, अर्ज ऑनलाइन होतो. मात्र माल देण्याआधीच ‘उद्यम’ नोंदणी केलेली असावी. ती आधार कार्डावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. प्रत्येक चलनावर माल घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मुले तक्रार करत नाहीत, आणि ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलाकडेही दोन कामगार आहेत, आणि बिल अडकले की त्यांचा पगार अडकतो.

वकिलाच्या फीची काळजी अनुसूचित जमातीच्या माणसाला करावी लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१०० या क्रमांकावर करायचा. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत आधार कार्ड, जातीचा दाखला आणि ती वही असावी. ज्यांना तिथे एकटे जायला संकोच वाटतो त्यांनी आधी शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळेत आपल्या केंद्रात यावे. आपल्यापैकी कोणाला अर्ज लिहून देण्याचे काम करायचे असेल तर तेही यावे. सुवाच्य अक्षर असलेल्या माणसांची आम्हाला फार गरज आहे.